कालकाजी : दगडाहून जुनी यात्रा

दिल्ली पाहावयास निघालेला महाराष्ट्रीय प्रवासी कुतुबमिनारापासून लाल किल्ल्यापर्यंत सुलतानांच्या आणि पातशहांच्या इमारती डोळे भरून पाहतो, त्यांच्या कमानींवरील कोरीव अक्षरांचे कौतुक करतो, आणि मग येथील एखाद्या नामांकित देवळात दर्शनास गेला म्हणजे तेथील शुभ्र संगमरवरी फरशी, पोलादी कठडे आणि विजेच्या दिव्यांची रोषणाई पाहून मनाशी अशी खूणगाठ बांधतो की, या नगरात राज्यकर्त्यांचा इतिहास जुना असला तरी देवांचा इतिहास मात्र कालपरवाचा असावा. वेरूळ, अंबरनाथ, सिन्नर यांसारखी शिल्पसमृद्ध देवालये ज्याने लहानपणापासून पाहिली आहेत, त्याचा असा समज व्हावा यात नवल नाही. परंतु हा समज दगडाचे वय आणि देवस्थानाचे वय एकच मानण्यातून उद्भवतो. देऊळ म्हणजे भिंती आणि शिखर; देवस्थान म्हणजे ती जागा, तेथील पूजेची वहिवाट, आणि वर्षानुवर्षे ठराविक तिथीला तेथे लोटणारा जनसमुदाय. भिंती पडतात, पाडल्या जातात, पुन्हा उभ्या राहतात. यात्रा मात्र, एकदा लोकांच्या पायांत मुरली म्हणजे, राज्ये बदलली तरी सहसा मोडत नाही.

दक्षिण दिल्लीतील कालकाजीचे मंदिर हे या सत्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. मराठी वाचकाने या स्थानाकडे आस्थेने पाहावे याला एक खास कारण आहे. या देवीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच भाषेत, मोडी दफ्तरांतून आपल्यापर्यंत आलेला आहे, आणि तो आपल्याला अभिमानाबरोबरच थोडे अंतर्मुखही करणारा आहे.

टेकडी आणि राजमार्ग

अरवलीच्या प्राचीन पर्वतरांगेची जी उत्तरेकडील टोके दिल्लीच्या भूमीत शिरून यमुनेच्या अलीकडे विराम पावतात, त्यांपैकीच एका टेकाडावर हे मंदिर उभे आहे. भक्तजन या टेकाडाला सूर्यकूट पर्वत म्हणतात. आज या टेकडीभोवती नेहरू प्लेसच्या उत्तुंग कचेऱ्या, ओखल्याचे कारखाने, फाळणीनंतर वसलेल्या निर्वासितांच्या वसाहती आणि १९८६ साली पुरे झालेले बहाई पंथाचे कमळाकृती उपासनागृह अशी दाटी झालेली असल्यामुळे टेकडीचे टेकडीपण जाणवत नाही. मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडून गल्लीचा चढ चढू लागल्यावर पोटऱ्यांना तेवढी तिची ओळख पटते. परंतु शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत हा भाग शहराच्या कोटापासून कित्येक कोस दूर, खडकाळ आणि झुडपांनी भरलेला होता, आणि बहापूर नावाच्या खेड्याच्या शिवारात मोडत होता.

याच बहापूरच्या परिसरात, मंदिरापासून थोड्याच अंतरावर, १९६६ साली घरबांधणीसाठी जमीन सपाट करीत असता एका तिरप्या खडकावर ब्राह्मी लिपीतील अक्षरे आढळली, आणि तो सम्राट अशोकाचा लघु शिलालेख असल्याचे निष्पन्न झाले. दिल्लीत अशोकाचे दोन स्तंभ पूर्वीपासून आहेत. पण ते फिरोजशहा तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथून उचलून आणविलेले. बहापूरचा खडक मात्र मूळचाच तेथला. सामान्यतः असे लेख अशोकाने राजमार्गांच्या कडेला, जेथे लोकांची ये-जा आणि जमाव असे, तेथे कोरविले. तेव्हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या टेकड्यांच्या पायथ्याशी माणसांचा राबता होता, हे या एका खडकाने निर्विवाद सिद्ध केले. उद्योग आणि निष्ठा यांच्या बळावर केवळ थोरांनाच नव्हे, तर लहानातल्या लहान माणसालाही श्रेष्ठ गती लाभू शकते, असा त्या लेखाचा आशय आहे. शिलालेख बौद्ध धर्माच्या उपासक राजाचा, आणि मंदिर शक्तिदेवतेचे. दोहोंचा परस्परसंबंध जोडण्याची घाई करू नये. तथापि देवस्थाने बहुधा वाटेच्या काठी, चढाच्या माथ्यावर, पाण्याच्या सान्निध्यात आणि वाटसरूंच्या विसाव्याच्या जागी उदयास येतात, आणि कालकाजीची टेकडी अशाच एका अतिप्राचीन वाटेच्या काठची आहे, एवढे निःशंक म्हणता येते.

देवीची कथा

मंदिराची आख्यायिका अशी सांगतात की, दोन बलाढ्य दैत्यांच्या उपद्रवाने त्रस्त झालेले देव ब्रह्मदेवाकडे गेले, ब्रह्मदेवाने त्यांना पार्वतीकडे पाठविले, आणि पार्वतीपासून प्रकट झालेल्या कौशिकीदेवीने दैत्यांशी युद्ध मांडले; परंतु त्यांच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून नवे दैत्य उत्पन्न होऊ लागले. तेव्हा कौशिकीच्या भ्रुकुटीतून काली प्रकटली. तिचा खालचा ओठ टेकड्यांवर टेकलेला आणि वरचा ओठ आकाशाला भिडलेला होता. तिने ते सारे रक्त भूमीवर पडण्यापूर्वीच प्राशन केले, दैत्यांचा नायनाट झाला, आणि देवीने याच टेकडीवर वास्तव्य केले. सप्तशतीचा पाठ ज्या घरांत होतो, तेथील वाचकांना यात रक्तबीजाच्या वधाची सुपरिचित कथा सहज ओळखता येईल. पुराणातील युद्धभूमी आपल्याच गावच्या डोंगरावर आणून ठेवण्याची ही रीत सर्व भारतभर आहे; देवीचा तो ओठ टेकडीवर टेकला असे ज्याने प्रथम सांगितले, त्याच्या डोळ्यांसमोर ही अरवलीचीच कड असली पाहिजे. युधिष्ठिराच्या काळी पांडवांनी येथे देवीची आराधना केली, अशीही श्रद्धा आहे. आणि ज्या प्रदेशात इंद्रप्रस्थाची स्मृती पावलोपावली जागी आहे, तेथे ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

गर्भगृहातील देवी ही घडविलेली मूर्ती नसून स्वयंभू शिला आहे. तिला मुखवट्याचा साज चढवून, मोठे रेखीव डोळे, नथ, मुकुट, शेंदूर आणि पुष्पमाला यांनी शृंगारिले जाते. आपल्याकडील सप्तशृंगीच्या कड्यातील शेंदूरचर्चित देवीचे किंवा गावोगावच्या तांदळ्याच्या रूपातील देवतांचे दर्शन ज्यांनी घेतले आहे, त्यांना हे रूप परके वाटत नाही. शिल्पकाराच्या छिन्नीपूर्वीची जी अतिशय जुनी उपासना, तिचीच ही खूण होय. आणि देवस्थान देवळाहून जुने असण्याची अशी साक्ष प्रत्यक्ष दैवतच देत असते.

बाजीरावाच्या पत्रातील कालिका

आता आपण त्या मराठी पुराव्याकडे वळू. १७३७ साली बाजीराव पेशव्याने दिल्लीवर जी विजेसारखी झडप घातली, ती मराठ्यांच्या इतिहासातील एक विख्यात मोहीम आहे. यमुनापार गेलेल्या मल्हारराव होळकरांच्या फौजेला अवधचा सुभेदार सादतखान याने जलेसरजवळ मागे रेटले, आणि आपण मराठ्यांचा पुरता मोड केला अशी बढाई पातशहा महंमदशहाला लिहून पाठविली. ही बढाई खोटी ठरविण्याचा एकच अचूक मार्ग बाजीरावाला दिसला, तो म्हणजे खुद्द राजधानीच्या वेशीवर जाऊन उभे राहणे. मोगलांच्या मोठमोठ्या फौजांना बगल देऊन, जाट आणि मेवाती मुलखातल्या डोंगराळ वाटांनी लांब लांब मजला मारीत तो चैत्र महिन्यात, रामनवमीच्या सुमारास, दिल्लीजवळ येऊन थडकला.

या मोहिमेची हकीकत त्याने आपले बंधू चिमाजी आप्पा यांना एका दीर्घ पत्राने कळविली. आपण कोणत्या वाटेने शहराजवळ आलो हे सांगताना तो लिहितो की, बारापुला आणि कालिकेचे देवालय उजव्या हाताला टाकून आपण पुढे गेलो आणि शहराच्या निकट मुक्काम केला. बारापुला म्हणजे जहांगीरच्या काळातला, आजही शाबूत असलेला दगडी पूल. आणि कालिकेचे देवालय म्हणजे आपण ज्याचा विचार करीत आहोत ते कालकाजीचे स्थान. सेनापती आपल्या कूचाचा मार्ग सांगताना ज्या ठिकाणांची नावे घेतो, ती सर्वांना ठाऊक असलेली, दुरून दिसणारी, निर्देश करण्याजोगी ठिकाणे असतात. याचा अर्थ असा की १७३७ साली हे देवालय दिल्लीच्या परिसरातील एक ठळक खूण होती.

परंतु त्या पत्रात याहून मोलाची एक गोष्ट आहे. लष्कराच्या लोकांना त्या दिवशी हत्ती, घोडे, उंट सापडले, आणि शहरातून भवानीच्या जत्रेसाठी बाहेर आलेल्या लोकांना त्यांनी झोडपून काढले, असे बाजीरावाने कोणताही आडपडदा न ठेवता नमूद केले आहे. आज जी चैत्र नवरात्राची यात्रा कालकाजीला भरते, तीच ही यात्रा. मोगल पातशाहीच्या राजधानीत, महंमदशहाच्या कारकीर्दीत, शहराचे लोक कोटाबाहेर पडून कित्येक कोस चालत या टेकडीवर येत होते, हे आपल्याला कोणा भाटाच्या कवनातून वा स्थलमाहात्म्यातून कळत नसून, ज्यांनी त्या यात्रेला उपद्रव दिला त्यांच्याच पत्रातून कळते. आणि आपल्या विरुद्ध जाणारी साक्ष स्वतःहून देणाऱ्याचा पुरावा अधिक बळकट मानावा, हा न्यायाचा साधा नियम आहे.

या घटनेकडे मराठी वाचकाने डोळेझाक करू नये. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १७३५ साली, बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशी-गयेच्या यात्रेस निघाल्या होत्या. त्यांच्या वाटेवर उदेपूर, जयपूर येथील राजदरबारांनी त्यांचा सन्मान केला, मोगल अंमलाखालील मुलखातूनही त्यांना संरक्षण मिळाले, आणि त्या सुखरूप पुण्यास परतल्या. शत्रूच्या आईलाही यात्रेकरू म्हणून अभय द्यावे, ही त्या काळची उदार रीत होती. त्याच पुत्राच्या लष्कराकडून देवीच्या यात्रेकरूंना मार पडावा, ही गोष्ट मनाला बोचल्यावाचून राहत नाही. लुटीच्या आशेने मोकाट सुटलेली फौज भाविकाची जात आणि दैवत विचारीत बसत नाही, एवढे त्यावरून दिसते. स्वतः बाजीरावाने, दिल्लीचे पुरे जाळण्याचा पहिला विचार सोडून देऊन, हे थोर स्थळ उद्ध्वस्त करण्यात आणि पातशहाला बरबाद करण्यात काही लाभ नाही असा विवेक दाखविला, आणि शहर जळाले नाही, हेही त्याच पत्रावरून समजते. इतिहासात हे दोन्ही एकत्र वाचावे लागते.

संवत १८२१ आणि मराठ्यांचे नाव

मंदिराच्या आजच्या वास्तूतील सर्वांत जुना भाग १७६४ च्या सुमाराचा, म्हणजे विक्रम संवत १८२१ मधला मानला जातो, आणि त्याच्या उभारणीचे श्रेय दिल्लीची परंपरा मराठ्यांना देते. पानिपतचा घोर प्रसंग होऊन तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. दिल्लीचा कारभार नजीबखान रोहिल्याच्या हाती होता. मात्र १७६४ च्या अखेरीस, सूरजमल जाटाच्या वधाचा सूड घेण्यासाठी त्याचा पुत्र जवाहरसिंग याने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा त्याच्या मदतीस मल्हारराव होळकरांची फौज आली होती. त्यामुळे त्या वर्षी मराठे दिल्लीत नव्हतेच असे म्हणता येत नाही. शिवाय दिल्लीतील मराठी माणूस केवळ फौजेबरोबर येई आणि जाई, असेही नव्हते. हिंगणे घराण्यातील वकिलांचे तेथे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य होते, अंताजी माणकेश्वरासारखे सरदार तेथे फौजेनिशी ठाण मांडून राहिले होते, आणि त्यांच्या आश्रयाने कारकून, सावकार, भिक्षुक, शिलेदार अशी लहानशी मराठी वस्तीच राजधानीत नांदत होती. पुढे १७७१ साली महादजी शिंद्यांनी दिल्ली हस्तगत केली, निर्वासित शहाआलमला पुढच्याच वर्षी तख्तावर आणून बसविले, आणि १७८४ साली वकील-ए-मुतलक ही साम्राज्याची मुखत्यारी त्यांच्याकडे आली. तेव्हापासून १८०३ च्या पटपडगंजच्या लढाईपर्यंत दिल्लीवर मराठ्यांचा प्रभाव राहिला.

या काळाची दुसरी खूण चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर उभी आहे. तेथील गौरीशंकराचे मंदिर आप्पा गंगाधर नावाच्या, शिंद्यांच्या चाकरीतील एका शिवभक्ताने बांधविले. लढाईत प्राणघातक जखमा झाल्या असता त्याने शंकराला नवस केला आणि जीव वाचल्यावर तो या मंदिराच्या रूपाने फेडला, अशी कथा सांगतात. पातशहाच्या किल्ल्यासमोर आणि शहराच्या प्रमुख बाजारपेठेच्या मुखाशी शिवलिंगाची स्थापना व्हावी, ही घटना त्या काळच्या पालटलेल्या परिस्थितीची द्योतक आहे.

कालकाजीच्या बाबतीत एक गोष्ट नीट ध्यानात धरावयास हवी. १७६४ च्या बांधकामाचे श्रेय मराठ्यांना मिळते म्हणून मंदिर मराठ्यांनी स्थापिले, असा सोयीचा निष्कर्ष आपण काढू नये. कारण आपलेच १७३७ चे पत्र त्याच्या आड येते. ज्या देवालयाला बाजीरावाने उजव्या हाताला टाकले, ते त्याच्या आधीपासून तेथे होते. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या यात्रेकरूंना मराठी लष्कराने मारले, त्यांच्याच देवीसाठी पुढे मराठी हातांनी गर्भगृह बांधले, असे जर परंपरा सांगत असेल, तर त्या बांधण्यात श्रद्धेबरोबर प्रायश्चित्ताचाही अंश होता असे मानावयास माझे मन ओढ घेते.

पातशहाचा पेशकार

इंग्रजांनी दिल्ली घेतली, तरी लाल किल्ल्यात तैमूरचे घराणे नामधारी सत्तेवर नांदतच होते. अकबर दुसरा (१८०६–१८३७) याच्या दरबारात राजा केदारनाथ हे पेशकार होते. म्हणजे सरकारी कागदपत्रे धन्यापुढे रुजू करून त्यावर हुकूम घेणारे विश्वासू अधिकारी. मिर्झा राजा या मोगली किताबाने ओळखल्या जाणाऱ्या या हिंदू अधिकाऱ्याने १८१६ साली मंदिराच्या मूळ वास्तूत भर घातली. एका मुसलमान पातशहाचा पेशकार देवीच्या मंदिराचा विस्तार करतो, ही गोष्ट त्या दिल्लीत कोणाला विपरीत वाटली नाही. कारण याच पातशहाच्या काळात, १८१२ च्या सुमारास, मेहरौलीला 'फूलवालों की सैर' नावाचा उत्सव सुरू झाला, ज्यात ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर आणि योगमायेच्या मंदिरात फुलांचा पंखा वाहिला जातो. राजकीय सत्ता लयाला जात असता सामाजिक सौजन्य मात्र टिकून राहिल्याचे हे एक सुंदर दृश्य आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींवरून मंदिराचे तत्कालीन रूप डोळ्यांसमोर उभे करता येते. मध्यभागी बारा कोनांचे गर्भगृह, आतून सुमारे २४ फूट रुंद, त्याच्या प्रत्येक बाजूस एक असे बारा दरवाजे. सभोवार फिरणारी, छत्तीस कमानींची ओवरी. पूर्वेच्या दरवाजासमोर संगमरवरी चौथऱ्यावर बसलेले तांबड्या दगडाचे दोन वाघ, त्यांच्या मध्ये कालीची प्रतिमा आणि तिच्यापुढे दगडी त्रिशूळ. उत्तर भारतातील मंदिरे सामान्यतः चौकोनी गर्भगृहाची आणि एकाच मुख्य द्वाराची असतात; बारा दिशांना उघडणारे हे गर्भगृह त्यांत निराळे उठून दिसते. यात्रेच्या गर्दीला कोणत्याही बाजूने दर्शन घडावे आणि प्रदक्षिणेचा ओघ कोठे अडू नये, हा या रचनेचा मोठा व्यावहारिक गुण आहे. विसाव्या शतकात दिल्लीच्या सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी आजूबाजूला धर्मशाळा बांधल्या, आणि मूळची चुनेगच्ची भिंत हळूहळू संगमरवराने मढविली गेली. म्हणून आजच्या दर्शकाला ती वास्तू नवी वाटते.

बारा दरवाजे, ग्रहण आणि नवरात्र

श्रद्धाळू लोक या बारा द्वारांचा संबंध बारा राशींशी, बारा महिन्यांशी जोडतात, आणि त्यातून येथली एक विशेष चाल निघाली आहे. सूर्यग्रहण किंवा चंद्रग्रहण लागले म्हणजे बहुतेक देवळांचे दरवाजे बंद होतात, मूर्तीला स्पर्श वर्ज्य मानतात, ग्रहण सुटल्यावर सारे धुऊन मग पूजा करतात. कालकाजीचे मंदिर मात्र ग्रहणातही उघडे राहते. ग्रह-नक्षत्रे जिच्या स्वाधीन आहेत, त्या कालाच्या स्वामिनीला ग्रहणाचा वेध कसला, अशी येथील भक्तांची धारणा आहे. इतर देवळे बंद असताना जप-अनुष्ठानासाठी माणसे मुद्दाम येथे येतात.

नवरात्राचे दिवस म्हणजे या स्थानाचे खरे वैभव. चैत्र आणि आश्विन अशा दोन्ही नवरात्रांत दर्शनाच्या रांगा टेकडीवरून उतरून थेट मोठ्या रस्त्याला लागतात. मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या दुकानांतून पूजेची ताटे मांडलेली असतात : जरीच्या किनारीची लाल चुनरी, शेंडीचा नारळ, काचेच्या बांगड्या, मेंदीची पुडी, शेंदराची डबी, वेलदोड्याच्या साखरगोळ्या आणि मखाणे. या ताटातली चुनरी देवीच्या पायांशी लागून परत मिळाली की ती भाविक स्त्री डोक्यावरून घेते, किंवा कपाळाला बांधून मुलाच्या हाती देते; महाराष्ट्रात ओटीच्या खणाला जे स्थान, ते येथे चुनरीला. लहान मुलांचे जावळ काढावयास, नव्या सुनेला देवीच्या पायांवर घालावयास, नवस फेडावयास कुटुंबेच्या कुटुंबे येतात. अष्टमी-नवमीला दिल्लीच्या घराघरांतून 'कंजक' म्हणून लहान मुलींचे पाय धुऊन त्यांना पुरी, काळे हरभरे आणि शिरा यांचे भोजन घालतात. आपल्याकडच्या कुमारिकापूजनाचेच हे रूप. रात्री देवीपुढे 'जागरण' मांडले जाते, ढोलकी आणि पेटीच्या साथीने गायक पहाटेपर्यंत देवीच्या लीला आळवितात. संबळाच्या ठेक्यावर चालणारा गोंधळ ज्याने ऐकला आहे, त्याला भाषा वेगळी असली तरी आवाहनातील आर्तता ओळखीची वाटते. या गर्दीत दिल्लीचा जुना रहिवासी असतो, फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या पंजाब्यांची चौथी पिढी असते, बिहार आणि पूर्वांचलातून पोटासाठी आलेला मजूर असतो, ओखल्याच्या कारखान्यातून पाळी संपवून परस्पर आलेला कामगार असतो.

बारीदार आणि न्यायालय

मंदिराची पूजा आणि उत्पन्न यांची व्यवस्था परंपरेने बारीदारांकडे, म्हणजे पाळीपाळीने सेवा करणाऱ्यांकडे आहे. पुजाऱ्यांच्या घराण्यांचे ब्राह्मण आणि जोगी असे दोन थोक, म्हणजे गट असून, ब्राह्मण थोकाच्या पोटी पुन्हा निरनिराळ्या शाखा आहेत. वाट्याला आलेल्या मुदतीपुरती पूजा-सेवा ज्याने करावी, त्या मुदतीतील देवीपुढचे उत्पन्न त्याने घ्यावे, असा हा क्रम आहे. जोग्यांचे नाते नाथपंथाशी. म्हणजे ज्या परंपरेतून निवृत्तिनाथांच्या द्वारा ज्ञानेश्वरांपर्यंत प्रवाह आला, तिचीच एक शाखा या शक्तिपीठाच्या सेवेत आहे. तुळजापूरचे भोपे आणि पाळीकर, किंवा पंढरपूरचे बडवे आणि उत्पात यांची व्यवस्था ज्यांना माहीत आहे, त्यांना या पद्धतीचे गुण आणि दोष वेगळे समजावून सांगावयास नकोत. अखंड पूजा चालू राहिली, ती अशा वंशपरंपरागत जबाबदारीमुळेच. आणि घराणी वाढली, वाटे बारीक झाले, उत्पन्न मात्र अफाट वाढले, तेव्हा भाऊबंदकीचे खटलेही त्याच व्यवस्थेतून उद्भवले.

अशाच एका वादातून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेले असता, न्यायालयाचे लक्ष वाटणीच्या प्रश्नावरून यात्रेकरूच्या प्रश्नाकडे वळले. ओवऱ्या आणि धर्मशाळा व्यापून बसलेली वस्ती, वाटा अडविणारी दुकाने, तहबाजारीचे व्यवहार, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहांची दुरवस्था, या सर्वांची नोंद घेऊन सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निवृत्त न्यायमूर्ती जे. आर. मिढा यांची मंदिराचे प्रशासक म्हणून नेमणूक केली आणि मंदिर-परिसराच्या पुनर्विकासाला दिशा दिली. अतिक्रमणे हटविण्यात आली, दुकानदार आणि रहिवासी यांचे दावे पुढे चालले. पंढरपूरच्या बडव्यांचे हक्क संपुष्टात आणणारा १९७३ चा कायदा आणि त्यावर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब ज्यांना स्मरते, ते जाणतात की असे बदल वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतरच साकार होतात. बदलाची निकड किती आहे हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले; मंदिराच्या आवारात जागरणाच्या रात्री व्यासपीठ कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले.

यात्रेचे ऋण

कालकाजीच्या इतिहासाचा आढावा घेतल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसते. अशोकाचा राजमार्ग, मोगलांची राजधानी, मराठ्यांची फौज, इंग्रजांची दिल्ली आणि प्रजासत्ताकाचे महानगर, या सर्वांनी या टेकडीशेजारून आपापली वाट काढली. देवीचे घर पुन्हा पुन्हा बांधले गेले, वाढविले गेले, मढविले गेले. बांधणाऱ्यांपैकी एखाद-दुसऱ्याचे नाव कागदावर राहिले. परंतु त्या प्रत्येक बांधणाऱ्याला जिच्यासाठी बांधावेसे वाटले, ती यात्रा अनामिकांनी चालविली; आणि तिचा १७३७ चा मराठी पुरावा हाताशी असल्यामुळे तिचे प्राचीनत्व आपण केवळ श्रद्धेने नव्हे, तर दस्तऐवजाच्या आधारे सांगू शकतो.

म्हणून आज या परिसराचा जो पुनर्विकास चालला आहे, त्याची कसोटी संगमरवर किती शुभ्र आणि प्रवेशद्वार किती भव्य, ही असू नये. चैत्राच्या उन्हात, कडेवर मूल घेऊन, तीन तास रांगेत उभी राहिलेली कष्टकरी बाई सावलीत उभी राहू शकली काय, तिला घोटभर स्वच्छ पाणी मिळाले काय, गर्दीत ती चेंगरली तर नाही, पैशाच्या जोरावर पुढे घुसणाऱ्यांनी तिला मागे तर ढकलले नाही, हे प्रश्न प्रत्येक आराखड्याला विचारले गेले पाहिजेत. पूर्वी यात्रेकरूला फौजेपासून भय होते. आता ते अव्यवस्थेपासून आणि लोभापासून आहे. प्रशासक असो, बारीदार असो, न्यायालय असो वा देणगीदार, या देवस्थानाचे खरे विश्वस्तपण त्या बाईच्या सुखरूप दर्शनात आहे. कारण कालकाजीचा आजवरचा प्रत्येक जीर्णोद्धार तिच्यासारख्यांच्या चालत येण्याने शक्य झाला, आणि पुढचाही तिच्याच बळावर होणार आहे.